वॉर्डातली हातांची स्वच्छता: नव्या इन्फेक्शन कंट्रोल नर्ससाठी कामाचा क्रम

इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून ऑर्डर निघाली की पहिल्याच आठवड्यात एक काम टेबलावर येतं: स्टाफचा हँड हायजीन कंप्लायन्स वाढवा, म्हणजे हात स्वच्छ करायला हवेत तेव्हा ते खरंच केले जाण्याचं प्रमाण वाढवा. सोबत एक फॉर्म, एक पोस्टर आणि एनएबीएच (रुग्णालयांना मान्यता देणारं मंडळ) किंवा कायाकल्प (सरकारी रुग्णालयांची स्वच्छता योजना) यांच्या तपासणीची तारीख. मग नवीन माणूस काय करतो? सेमिनार हॉल बुक करतो, लेक्चर ठेवतो, सह्या घेतो. महिन्याभराने वॉर्डात पाहावं तर सगळं होतं तसंच.

लेक्चर वाईट नाही, पण आजार तो नाही. हात कधी आणि कसे धुवायचे हे जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. बाटली लांब असते, बेसिनवर साबण नसतो, रात्रपाळीला एकीच्या वाट्याला अख्खा वॉर्ड असतो आणि राउंडला आलेले सर स्वतःच हात न धुता चार पेशंट तपासून जातात. म्हणून या कामाचा क्रम आधी सोय, मग मोजणी, मग बोलणं असा ठेवा. उलटा धरलात तर पहिल्याच महिन्यात वॉर्ड तुमच्याशी बोलायचा बंद होईल.

याला आधारही आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पाहणी केली, तेव्हा हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं. त्यांनी बेसिनवरचा भर कमी केला, अल्कोहोलचं हँडरब (पाण्याशिवाय हातांना चोळायचं द्रावण) प्रत्येक बेडपाशी नेलं, खिशात मावणाऱ्या बाटल्या वाटल्या आणि मोजलेले आकडे वॉर्डांना परत दाखवले. १९९७ पर्यंत प्रमाण ६६ टक्क्यांवर गेलं. रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण १९९४ मध्ये १६.९ टक्के होतं, ते १९९८ मध्ये ९.९ टक्क्यांवर आलं. इतका पैसा आणि इतकं लक्ष देऊनही ६६, हे लक्षात ठेवा. पुढे कुणी पहिल्याच महिन्यात तुमच्याकडे ९५ टक्के मागितले, तर हा आकडा उपयोगी पडेल.

पहिली पायरी: एकच वॉर्ड निवडा

सगळं हॉस्पिटल एकदम हातात घेऊ नका. एक वॉर्ड घ्या, शक्यतो जिथली इनचार्ज सिस्टर कामाला खमकी आहे आणि तुमच्याशी चहा प्यायला बसते असा. आयसीयूपासून सुरुवात करायचा मोह होतो. पण तिथे कामाचा रेटा फार असतो आणि आकडा हलायला वेळ लागतो. मेडिसिन किंवा सर्जरीचा वॉर्ड बरा. सरकारी रुग्णालयात असाल तर आधी अधिसेविकांना (मेट्रनना) भेटा, मग त्या वॉर्डाच्या परिसेविकेला (इनचार्ज सिस्टरला). हा क्रम चुकला तर पुढचं सगळं अवघड जातं.

दुसरी पायरी: बाटली हाताच्या अंतरावर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वॉर्डात एक फेरी मारा आणि प्रत्येक बेडपाशी उभं राहून हात लांब करा. हँडरबची बाटली हाताला लागते का? दोन पावलं चालावं लागत असेल, तर गर्दीच्या वेळी ती बाटली नसल्यासारखीच. बेडच्या पायथ्याला ब्रॅकेट, इंजेक्शन ट्रॉलीवर एक, ड्रेसिंग ट्रॉलीवर एक आणि नर्सिंग स्टेशनवर एक, एवढं किमान हवं. लहान मुलांच्या आणि मानसोपचाराच्या वॉर्डात बेडला बाटली लावू नका, तिथे स्टाफच्या खिशात छोटी बाटली द्या. दारू सोडवण्यासाठी भरती झालेले पेशंट जिथे असतील तिथेही तेच. बाटलीत सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल आहे, हे आपण विसरलो तरी ते विसरत नाहीत.

आता इंडेंटचं, म्हणजे स्टोअरकडे करायच्या मागणीचं गणित. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वमूल्यांकनाच्या चौकटीत दर १००० रुग्णदिवसांना (एक पेशंट एक दिवस भरती, म्हणजे एक रुग्णदिवस) किमान २० लिटर हँडरब खपावं असं धरलं आहे. तीस बेडचा भरलेला वॉर्ड म्हणजे महिन्याला ९०० रुग्णदिवस, म्हणजे १८ लिटर, अर्ध्या लिटरच्या ३६ बाटल्या. एका वेळी साधारण ३ मिली लागतं असं धरलं तर हे एका पेशंटमागे दिवसाला जेमतेम सात वेळा हात चोळणं होतं. सात! डॉक्टर, सिस्टर, विद्यार्थी, फिजिओ, मामा, मावशी (वॉर्डबॉय आणि आया) सगळे मिळून. आता स्टोअरच्या रजिस्टरात तुमच्या वॉर्डाने मागच्या महिन्यात किती बाटल्या उचलल्या ते बघा. सहा-सात दिसल्या, तर सिस्टर आळशी आहेत की नाहीत ही चर्चाच करायची गरज नाही. तेवढ्यात कुणालाच नियम पाळता येणार नाही.

स्टोअरकीपर म्हणेल, एवढा माल कधी लागला नाही. तेव्हा हेच गणित कागदावर लिहून मेडिकल सुपरिटेंडेंटची सही घ्या. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बाटल्या संपतात, मग इनचार्ज सिस्टर उरलेल्या दोन कपाटात कुलूप लावून ठेवते. तिचा दोष नाही, तपासणीच्या दिवशी तिलाच विचारतात ना. पुरवठा नियमित झाला की कुलूप आपोआप निघतं. बाटली उघडली की तारीख मार्करने लिहायला लावा. मोठे कॅन वॉर्डात ठेवू नका, ऑक्सिजनच्या आणि विजेच्या बोर्डाच्या जवळ तर मुळीच नाही.

बेसिनकडेही बघा. साबणाची वडी पाण्यात बुडालेली असेल तर ती फेकून द्या, ओल्या वडीवर जंतू वाढतात. लिक्विड सोप असेल तर अर्ध्या बाटलीत वरून भर घालू नका. संपली की धुऊन, वाळवून मगच भरा. आणि बेसिनशेजारच्या खिळ्यावरचा तो सार्वजनिक टॉवेल आजच काढा. पेपर नॅपकिनचं बजेट नसेल तर लिननमधून जुन्या चादरींचे छोटे चौकोनी तुकडे करून घ्या. वापरला की बादलीत, धुऊन परत. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या मराठवाड्यातल्या रुग्णालयांत तर हँडरब हाच मुख्य आधार असायला हवा. तिथे डोळ्यांना दिसतील इतके हात मळले असतील तेव्हासाठी पाणी राखून ठेवा.

कशाला काय, हेही इथेच स्पष्ट करून टाका. हाताला रक्त, लघवी, पू, कफ लागलेला दिसतो आहे, शौचालयातून आलात, किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जंतूमुळे जुलाब असलेल्या पेशंटला हात लावलात, तर साबण आणि पाणी, ४० ते ६० सेकंद. अल्कोहोलने त्या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. बाकी सगळ्या वेळी हँडरब, २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत. एका दाबात पंप किती देतो ते स्वतः बघा. पाच-सात सेकंदांतच हात कोरडे झाले, तर माल कमी घेतला असं समजा.

तिसरी पायरी: वीस मिनिटं गप्प उभं राहा

मोजणी उघडपणे करा. वॉर्डात जाऊन सांगा, "मी हातांची स्वच्छता बघायला आलेय, कुणाचं नाव लिहीत नाही." आणि खरंच लिहू नका; फक्त सिस्टर, डॉक्टर, विद्यार्थी, मामा-मावशी असा गट लिहा. एका वेळी साधारण वीस मिनिटं पुरे. ज्या वेळा सोयीच्या नाहीत त्याही घ्या: सकाळी सहाची सॅम्पलं, संध्याकाळची इंजेक्शनं, रात्री दोन. तुलना करण्याजोगा आकडा हवा असेल तर एका वॉर्डात एका फेरीत साधारण २०० संधी, म्हणजे हात स्वच्छ करायलाच हवेत असे प्रसंग, नोंदवाव्या लागतात.

संधी कशी मोजायची यात नवीन माणूस गडबडतो. हात कधी स्वच्छ करायचे याचे पाच क्षण पाठ असतात: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या द्रवाशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर, पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. पण वॉर्डात हे क्षण एकमेकांत मिसळतात. एक नमुना बघू.

सिस्टरने बेड चारच्या काकांचं बीपी घेतलं आणि तशीच बेड पाचच्या आजींकडे गेली, त्यांची नाडी पाहिली. इथे 'काकांना हात लावल्यावर' आणि 'आजींना हात लावण्याआधी' असे दोन क्षण आहेत, पण हात एकदाच स्वच्छ करायचे होते. म्हणून संधी एक. तिने नाही केले. मग आरबीएससाठी (रक्तातली साखर तपासायला) तिने ग्लोव्हज चढवले आणि आजींच्या बोटाला प्रिक केलं. ग्लोव्हज चढवण्याआधी हात चोळायला हवे होते: दुसरी संधी, हुकली. स्ट्रिपवर रक्त घेतलं, कापूस दाबला, ग्लोव्हज काढून टाकले आणि बेडच्या पायथ्याच्या बाटलीतून हँडरब घेतलं: तिसरी संधी, पाळली. मग बेड सहा. तिथला पेशंट एक्स-रेला गेलेला, तिने त्याची चादर सरळ केली, सलाइनचा स्टँड बाजूला सारला आणि नर्सिंग स्टेशनवर जाऊन हात धुतले: चौथी संधी, पाळली. चारपैकी दोन, पन्नास टक्के.

पण टक्क्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हुकलेल्या दोन्ही संधींत 'आधी'चा क्षण आहे आणि पाळलेल्या दोन्हींत फक्त 'नंतर'चा. बहुतेक वॉर्डांत हेच दिसेल. नंतर हात धुतो तो स्वतःला जपायला, ते कुणाला सांगावं लागत नाही. आधी धुतो तो समोरच्या पेशंटला जपायला, आणि तो जंतू हातावर दिसत नाही. तुमची मेहनत 'आधी'वर लावा. नुसता एकूण टक्का काढून वर पाठवलात तर हे दिसणारच नाही.

तुम्ही उभ्या आहात म्हणून लोक जरा जास्तच हात चोळतील, हे गृहीत धरा. म्हणून शेजारी हँडरबच्या खपाचा आकडा ठेवा. टक्का ५० वरून ८० झाला आणि बाटल्या तेवढ्याच संपल्या, तर तुम्ही कंप्लायन्स मोजला नाही, तुमची हजेरी मोजली.

चौथी पायरी: संधीच कमी करा

याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. आपल्या बऱ्याच वॉर्डांत काम वाटून घेतात: एक सिस्टर सगळ्यांचे बीपी-टेंपरेचर करते, दुसरी सगळ्यांची इंजेक्शनं देते, तिसरी ड्रेसिंगला डॉक्टरांबरोबर फिरते. भराभर उरकतं, हे खरं. पण तीस पेशंटना एका सकाळी तीन वेगवेगळ्या माणसांचे हात लागले आणि प्रत्येक वेळी हात स्वच्छ करण्याची संधी नव्याने उभी राहिली. त्याऐवजी दहा-दहा पेशंट एकेकीला दिले, आणि तिने एका पेशंटचं बीपी, इंजेक्शन, चार्ट एकाच वेळी उरकलं, तर संधी बऱ्याच घटतात. एका पेशंटपाशीही स्वच्छ काम आधी, घाण काम शेवटी: आधी आयव्ही (शिरेतली सलाइनची नळी), मग युरोबॅग (लघवीची पिशवी). ट्रेमध्ये सगळं सामान भरूनच बेडपाशी जायची सवय लावली तर मधल्या खेपाही वाचतात.

जिनिव्हाच्या पाहणीतही कामाचा रेटा जितका जास्त, तितकं हात स्वच्छ करण्याचं प्रमाण कमी होतं. वॉर्डात माणसं कमी असतील तर तेही तुमच्या रिपोर्टात लिहा, कुणाला आवडो न आवडो.

ग्लोव्हजचा मुद्दाही यातलाच. कोविडनंतर ग्लोव्हज घालून अख्खी रांग उरकायची सवय लागली आहे. एकाच जोडीने सहा पेशंटना हात लावणारी सिस्टर स्वतः सुरक्षित असते, पेशंट नाही. ग्लोव्हजवरून हँडरब चोळून तेच पुढे वापरणंही चालत नाही. रक्त किंवा द्रवाशी संपर्क येणार असेल तेव्हाच ग्लोव्हज, एका पेशंटला एक जोडी, घालण्याआधी आणि काढल्यावर हात स्वच्छ. नुसतं बीपी घ्यायला ग्लोव्हज लागत नाहीत.

पाचवी पायरी: शिकवणं, पण दहा मिनिटांत

आता लेक्चर, तेही हॉलमध्ये नाही, हँडओव्हर (पाळी बदलतानाची कामाची देवाणघेवाण) संपल्यावर वॉर्डातच. 'सुमन-के' सगळ्यांना माहीत असतं: सरळ, उलट, मूठ, अंगठा, नखं आणि कलाई म्हणजे मनगट. ते पुन्हा पाठ करून घेण्यापेक्षा करून दाखवा. अतिनील दिव्याखाली चमकणारी जेल आणि टॉर्च मिळाला तर उत्तमच. नाही तर पोस्टर कलर आणा, सिस्टरना साधे ग्लोव्हज घालायला सांगा, तळहातावर चमचाभर रंग ओता आणि डोळे मिटून हात चोळायला सांगा. डोळे उघडल्यावर बोटांची टोकं आणि अंगठ्याची मागची बाजू कोरी दिसते. पेशंटला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त लागतात ती बोटांची टोकंच. एवढं एकदा बघितलेली मुलगी ते विसरत नाही.

हातांचे स्वॉब घेऊन कल्चरच्या प्लेटा भिंतीवर लावू नका. त्यातून कुणाच्या तरी नावाची कुजबुज होण्यापलीकडे काही निघत नाही.

सहावी पायरी: बांगड्या, अंगठ्या आणि हुळहुळणारे हात

कोपरापासून खाली काही नको, हा नियम सांगायला सोपा. पण नुकतं लग्न झालेल्या मुलीच्या हातात हिरवा चुडा असतो, मागे सासूबाई असतात. तिला सगळ्यांसमोर बोलू नका. इनचार्ज सिस्टरमार्फत, बाजूला घेऊन सांगा. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) स्क्रब करताना बांगड्या निघतातच, तेव्हा हा प्रश्न श्रद्धेपेक्षा रिवाजाचा आहे. मंगळसूत्राला कुणाची हरकत नाही. हातावरच्या मेंदीलाही नाही. हरकत आहे ती नेलपेंटला, वाढलेल्या नखांना, खड्याच्या अंगठीला आणि मनगटावरच्या कळकट धाग्याला. आणि नियम सगळ्यांना सारखा हवा. कन्सल्टंटच्या हातात घड्याळ आणि दोन अंगठ्या असताना सिस्टरच्या बांगड्या काढायला सांगितल्या तर ती मनातल्या मनात काय म्हणते, ते मला ठाऊक आहे.

हात कोरडे पडतात, भेगा पडतात, चुरचुरतात ही तक्रार खरी मानून चाला. बहाणा म्हणून झटकू नका. साबणाने धुऊन लगेच वरून हँडरब लावणं हे बऱ्याचदा त्यामागचं कारण असतं. दोन्ही एकत्र लागत नाहीत, उलट त्वचा बिघडते. ओल्या हातांवर ग्लोव्हज चढवणं हे दुसरं कारण. ग्लिसरीनसारखा स्निग्ध घटक असलेलं हँडरब नुसत्या साबणापेक्षा हातांना सोसवतं. वॉर्डला एक हँडक्रीम मिळवून द्या, ड्युटी संपताना लावायला. रॅश आलेली असेल तर त्वचारोग ओपीडीला पाठवा, आणि तोवर जमल्यास तिला हाताळणीचं काम कमी द्या.

सातवी पायरी: आकडा वॉर्डाला परत द्या

मोजणी झाल्यापासून आठवड्याच्या आत, हँडओव्हरच्या वेळी, पाच मिनिटं. नावं नाहीत, नातेवाइकांसमोर नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच नाही. फक्त कोणता क्षण किती पाळला गेला ते सांगा आणि वॉर्डालाच विचारा, यातलं या महिन्यात काय उचलू? 'आयव्ही लाइनला हात लावण्याआधी' एवढं एकच लक्ष्य ठरलं तरी पुष्कळ. पोस्टर लावायचं तर तेही त्याच एका गोष्टीचं, मराठीत, सलाइनच्या स्टँडला किंवा ट्रॉलीला. दाराच्या मागे लावलेलं पोस्टर तपासणीच्या कमिटीशिवाय कुणी वाचत नाही. महिन्याने ते बदला.

आठवी पायरी: सरांचं काय?

पितेंच्या त्या १९९४ च्या पाहणीत डॉक्टरांचं प्रमाण नर्सेसपेक्षा कमी निघालं होतं. आपल्याकडचं चित्र तुम्ही मोजाल तेव्हा कळेलच. राउंडमधला सगळ्यात मोठा माणूस जे करतो तेच मागचे दहा जण करतात. इथे मेडिकल सुपरिटेंडेंटची मदत घ्या. राउंडच्या ट्रॉलीवर बाटली सगळ्यात पुढे ठेवायला लावा. आणि सिस्टरना एक युक्ती शिकवा: सरांना "हात धुवा" म्हणायचं नाही, बाटली त्यांच्यासमोर धरायची. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही हे जमतं, आणि समोर धरलेली बाटली नाकारणं कुणालाच सोपं जात नाही.

मामा आणि मावशींना विसरू नका. बेडपॅन, चादरी, पेशंटला उचलणं हे सगळं त्यांच्याच हातून होतं, आणि ट्रेनिंगच्या यादीत त्यांची नावं क्वचितच असतात. त्यांच्यासाठी वेगळी बैठक घ्या, त्यांच्या ड्युटीच्या वेळेत. पेशंटजवळ थांबणाऱ्या नातेवाइकांना भरतीच्या वेळीच बाटली दाखवा.

५ मे हा हातांच्या स्वच्छतेचा जागतिक दिवस. त्या दिवशी रांगोळी, शपथ, केक होतीलच, होऊ द्या. तुम्ही मात्र त्याच दिवशी मेडिकल सुपरिटेंडेंटसमोर वर्षभराच्या खपाचा आलेख ठेवा आणि पुढच्या वर्षाच्या इंडेंटवर सही घ्या. सगळ्यांसमोर नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

दर तीन महिन्यांनी तोच वॉर्ड पुन्हा मोजा. नवीन इंटर्न किंवा विद्यार्थ्यांची बॅच आली की आकडा खाली येतो, घाबरू नका. बॅच येण्याच्या पहिल्या दिवशीच वॉर्डातल्याच एखाद्या सिस्टरकडून दहा मिनिटांचा रंगाचा प्रयोग करून घ्या. सलग दोन फेऱ्यांमध्ये 'आधी'चे क्षण वाढलेले दिसले आणि खपही त्या प्रमाणात वाढला, की त्याच इनचार्ज सिस्टरला सोबत घेऊन शेजारच्या वॉर्डात जा. तिथल्या परिसेविकेशी तुम्ही बोलण्यापेक्षा ती बोललेली बरी.